संवेदनाहरण, प्रादेशिक : हृदय व फुप्फुस विकारांत

संवेदनाहरण, प्रादेशिक : शरीराच्या विशिष्ट भागाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंत्रिकांचे संदेशवहन औषधाने तात्पुरते थांबवून, रुग्णाची शुद्ध न हरपता तेवढाच भाग बधिर करण्याच्या पद्धतीस ‘प्रादेशिक संवेदनाहरण’ म्हणतात. व्यवहारात तिला ‘अर्धी भूल’ किंवा ‘पाठीतील भूल’ असेही म्हटले जाते. सर्वसाधारण शुद्धिहरणात (‘पूर्ण भूल’) औषधाची क्रिया मेंदूवर होते आणि तिच्याबरोबर श्वसन, रक्ताभिसरण व खोकण्याची प्रतिक्षेपी क्रिया यांवरही परिणाम होतो. साहजिकच ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे रोगग्रस्त आहेत अशा रुग्णांना प्रादेशिक संवेदनाहरण अधिक सुरक्षित असावे, अशी समजूत रुढ झाली. ती काही प्रमाणात खरी आहे. परंतु प्रत्येक तंत्रिका-रोधाचे स्वतःचे शरीरक्रियात्मक परिणाम असतात व ते एखाद्या हृद्‌रोगात उपकारक, तर दुसऱ्यात प्राणघातक ठरू शकतात. म्हणून ‘पूर्ण की अर्धी’ या प्रश्नापेक्षा कोणती तंत्रिका, किती वेगाने आणि कोणत्या विकाराच्या रुग्णात बधिर करावयाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

इतिहास : कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे कोकेनाच्या विद्रावाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो हे दाखवून दिले व स्थानीय संवेदनाहरणाचा पाया घातला. जर्मनीतील कील येथे आउगूस्ट बीअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन सोडून पहिली शस्त्रक्रिया केली. तिचा रुग्ण घोट्याच्या क्षयाने पीडित असलेला एक मजूर होता आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियांच्या वेळी त्याला पूर्ण भुलीचा फार त्रास झालेला होता. पूर्ण भूल न सोसणाऱ्या रुग्णासाठी दुसरा मार्ग शोधणे, हा हेतू अशा रीतीने या पद्धतीच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत बीअर व त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. दोघांनाही त्यानंतर त्रास झाला व बीअर यांची डोकेदुखी कित्येक दिवस टिकली. स्पेनमधील फिडेल पाखेस यांनी १९२१ मध्ये कंबरेच्या भागातील दृढतानिकाबाह्य पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले.

कोकेन विषारी व व्यसन लावणारे असल्यामुळे त्याची जागा प्रथम प्रोकेनाने व पुढे लिडोकेनाने घेतली. लिडोकेनाचे संश्लेषण स्वीडनमध्ये नील्स लफग्रेन यांनी १९४३ मध्ये केले. दीर्घकाळ क्रिया करणारे ब्युपिव्हाकेन १९५७ मध्ये तयार झाले. याच सुमारास या पद्धतीला एक मोठा धक्काही बसला होता. इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे १९४७ मध्ये एकाच दिवशी पाठीतील भूल दिलेल्या दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. हे प्रकरण न्यायालयात गेले व १९५४ मध्ये त्याचा निकाल लागला. या घटनेमुळे ब्रिटनमध्ये पाठीतील भूल बराच काळ मागे पडली. निर्जंतुक व एकदाच वापरावयाच्या सुया, शुद्ध औषधे आणि अखंड निरीक्षणाची उपकरणे उपलब्ध झाल्यावर तिचा पुन्हा प्रसार झाला.

प्रकार : मेरुरज्जू प्रौढ माणसात सामान्यतः पहिल्या किंवा दुसऱ्या कटिकशेरुकेच्या (कंबरेच्या मणक्याच्या) पातळीवर संपतो. मेरुरज्जवीय पद्धतीत त्याच्या खालच्या भागी, बहुधा तिसऱ्या व चौथ्या कटिकशेरुकांच्या मधून, बारीक सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रवात २ ते ३ मिलि. औषध सोडतात. काही मिनिटांतच पोटाचा खालचा भाग व पाय बधिर होतात. दृढतानिकाबाह्य पद्धतीत सुई द्रवापर्यंत नेली जात नाही. मेरुरज्जूच्या सर्वांत बाहेरील आवरणाच्या (दृढतानिकेच्या) अलीकडील मोकळ्या जागेत औषध सोडतात. येथे औषध अधिक प्रमाणात लागते व त्याचा परिणाम सावकाश होतो. मात्र त्या जागेत बारीक नळी ठेवता येत असल्यामुळे औषध थोडेथोडे देता येते व शस्त्रक्रियेनंतरही काही दिवस वेदनाशमन करता येते. तिसऱ्या प्रकारात मेरुरज्जूपासून दूर, एखाद्या तंत्रिकेभोवती किंवा मानेतून हाताकडे जाणाऱ्या बाहुजालिकेसारख्या तंत्रिकांच्या जाळ्याभोवती औषध सोडतात. पूर्वी या तंत्रिकांचे स्थान शरीरावरील खुणांवरून व नंतर विद्युत् उद्दीपनाने ठरवीत. अलीकडे श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने तंत्रिका, रक्तवाहिन्या व सुईचे टोक प्रत्यक्ष पडद्यावर पाहता येते. त्यामुळे कमी औषधात काम भागते.

धोक्याचे मूल्यमापन : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या शारीरिक अवस्थेची प्रतवारी करण्याची पद्धत १९४१ मध्ये अमेरिकेत सुचविण्यात आली व १९६३ मध्ये तिला सुधारित स्वरूप मिळाले. तीत निरोगी व्यक्ती पहिल्या वर्गात, तर सतत जीवितास धोका असणारा गंभीर व्याधीचा रुग्ण चौथ्या वर्गात येतो. हृदयाच्या धोक्याचे गणन करणारा निर्देशांक गोल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा गणनांइतकेच महत्त्व साध्या प्रश्नांना आहे : रुग्ण न थांबता दोन जिने चढू शकतो काय, रात्री किती उशा घेऊन झोपतो, खोकल्याबरोबर किती कफ पडतो, छातीत दुखणे अलीकडे वाढले आहे काय. सपाट निजल्यावर ज्याला धाप लागते, त्याला अर्धी भूल देऊन दोन तास उताणे ठेवणे शक्य होणार नाही, हे यातूनच आधी कळते.

हृद्‌विकार : मेरुरज्जूच्या वक्षीय भागातून व कटिभागाच्या वरच्या टोकातून अनुकंपी तंत्रिका निघतात. त्या रक्तवाहिन्यांचा ताण टिकवून ठेवतात. पाठीतील भुलीने वेदनावाहक तंत्रिकांबरोबर त्याही बधिर होतात. नीला व रोहिणिका प्रसरण पावतात, पायांत व उदरात रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व रक्तदाब उतरतो. बधिरपणा छातीच्या वरच्या भागापर्यंत चढल्यास पहिल्या चार वक्षीय खंडांतून हृदयाकडे जाणारे, त्याची गती वाढविणारे तंतूही निष्क्रिय होतात आणि नाडी मंदावते.

हा एकच परिणाम निरनिराळ्या हृद्‌विकारांत निरनिराळे फळ देतो. हृद्‌रोहिणीच्या विकारात डाव्या निलयाच्या स्नायूला मुख्यतः हृदयाच्या शिथिलनकाळात रक्त मिळते. नाडी जलद झाली की हा काळ आखूड होतो. श्वासनालात नळी घालताना तसेच वेदनेमुळे रक्तदाब व नाडी एकाएकी वाढतात. अर्ध्या भुलीत हे टळते, म्हणून ती येथे लाभदायक असते. परंतु शिथिलनकाळातील रक्तदाब फार खाली गेल्यास अरुंद झालेल्या हृद्‌रोहिणीतील प्रवाहच तुटतो व लाभाचे रूपांतर हानीत होते.

महारोहिणी झडपेच्या तीव्र संकोचात परिस्थिती अधिक बिकट असते. झडपेचे छिद्र अरुंद व ठरावीक असल्यामुळे हृदयाला आपले उत्सर्जन गरजेनुसार वाढविता येत नाही. रक्तवाहिन्या एकाएकी सैल झाल्यास रक्तदाब कोसळतो, जाड झालेल्या निलयाचा रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे निलय दुर्बल होते व रक्तदाब आणखी उतरतो. हे दुष्टचक्र काही मिनिटांत हृदय बंद पाडू शकते. म्हणून एकाच मात्रेत दिलेली पाठीतील भूल या विकारात दीर्घकाळ निषिद्ध मानली गेली. आता अनुभवी तज्ञ रोहिणीतील रक्तदाबाचे अखंड मापन करीत, नळीतून अत्यल्प मात्रा देत किंवा केवळ पायाच्या तंत्रिका बधिर करून काही निवडक रुग्णांत तिचा उपयोग करतात. तथापि मूळ धोका कायम आहे.

भारतात संधिज्वरामुळे होणारा द्विदली झडपेचा संकोच अनेक तरुण स्त्रियांत आढळतो व बहुधा गरोदरपणातच प्रथम लक्षात येतो. या विकारात डावे निलय भरण्यास वेळ लागतो. नाडी जलद झाल्यास रक्त मागे फुप्फुसांत तुंबून ती पाण्याने भरतात. प्रसूतिवेदनांमुळे नाडी जलद होते. त्यामुळे थोड्याथोड्या मात्रेत दिलेले दृढतानिकाबाह्य संवेदनाहरण अशा मातेस फार उपयुक्त ठरते. उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी नाडी वाढविणाऱ्या औषधाऐवजी फेनिलएफ्रिनासारखे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध येथे पसंत केले जाते. झडपेतून रक्त मागे गळत असेल, तर उलट रक्तवाहिन्यांच्या माफक प्रसरणाने हृदयावरील भार हलका होतो व रुग्णास बरे वाटते. हृदयाच्या पडद्यात जन्मजात छिद्र असून फुप्फुसातील रक्तदाब अतिशय वाढलेला असेल, तर मात्र शरीरातील रक्तवाहिन्या सैल होताच अशुद्ध रक्त छिद्रातून डावीकडे जाऊ लागते व ऑक्सिजनाचे प्रमाण झपाट्याने घटते.

दुर्बल हृदयाच्या रुग्णात आणखी एक धोका उशिरा प्रकट होतो. उतरलेला रक्तदाब वाढविण्यासाठी शिरेतून मोठ्या प्रमाणात द्रव दिले जातात. काही तासांनी भुलीचा अंमल ओसरतो, रक्तवाहिन्या पूर्ववत् आकुंचन पावतात व साचलेले रक्त हृदयाकडे परतते. तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरक्षित राहिलेला रुग्ण खाटेवर परतल्यावर धापेने गुदमरू लागतो. म्हणून अशा रुग्णांत द्रव मोजून देणे व रक्तवाहिनी-आकुंचक औषधांचा वेळीच उपयोग करणे आवश्यक असते. निरीक्षणही भूल उतरेपर्यंत चालू ठेवावे लागते.

फुप्फुसविकार : पूर्ण भुलीत उताण्या रुग्णाचे मध्यपटल वर सरकते, उच्छ्वासानंतर फुप्फुसात उरणारी हवा कमी होते व खालच्या भागातील वायुकोश मिटतात. श्वासनलिकेतील कफ वर ढकलणाऱ्या केसलांची हालचाल मंदावते. चिरकारी श्वासनलिकादाह किंवा वातस्फीती असलेल्या रुग्णात नळीच्या स्पर्शाने श्वासनलिका आकुंचित होऊ शकतात; यंत्राने हवा दाबून भरल्यास फुगलेले पातळ कोश फुटून छातीत हवा साठण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेच्या शेवटी स्नायुशिथिलकाचा अंश उरल्यास दुर्बल रुग्ण पुरेसे खोकू शकत नाही आणि कफ साचून फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) होतो. धूम्रपान, चुलीच्या धुराचा अनेक वर्षांचा संपर्क व पूर्वीचा क्षयरोग यांमुळे असे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आढळतात. अंतर्गळ, अष्ठीला ग्रंथीची वाढ, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग यांवरील शस्त्रक्रियांसाठी त्यांना कंबरेतील भूल फारच उपयुक्त असते. कारण ती मध्यपटलास स्पर्श करीत नाही व रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो.

तथापि बधिरपणा जसजसा वर चढतो, तसतशी परिस्थिती बदलते. जोराने उच्छ्वास टाकण्यास व खोकण्यास पोटाचे स्नायू लागतात. छातीच्या मध्यापर्यंत चढलेल्या भुलीने हे स्नायू लुळे पडतात. निरोगी माणसाला त्याची फारशी जाणीव होत नाही. पण ज्याचा प्रत्येक उच्छ्वास याच स्नायूंच्या जोरावर चाललेला असतो, त्या रुग्णाची घुसमट होते. पोटाच्या वरच्या भागातील व छातीवरील शस्त्रक्रियांसाठी केवळ अर्धी भूल सहसा पुरत नाही. तेथे पूर्ण भुलीच्या जोडीला छातीच्या पातळीवर दृढतानिकाबाह्य नळी ठेवतात. तिच्यातून विरल औषध दिल्याने जखमेची वेदना शमते व अफूजन्य औषधे कमी लागतात. परिणामी रुग्ण खोल श्वास घेऊ शकतो व खोकू शकतो.

वरवर निरुपद्रवी दिसणारा रोधही फुप्फुसरोग्यास किती धोकादायक ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण खांद्याच्या शस्त्रक्रियेत मिळते. यासाठी मानेच्या बाजूस, बाहुजालिकेजवळ औषध सोडतात. मध्यपटलाकडे जाणारी तंत्रिका तेथून अगदी जवळून जाते. अर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखविले की, नेहमीच्या मात्रेत हा रोध दिलेल्या सर्व रुग्णांत त्या बाजूचे मध्यपटल तात्पुरते निष्क्रिय झाले. त्यामुळे श्वसनक्षमता सुमारे एक-चतुर्थांशाने घटते. धडधाकट रुग्ण हे सहन करतो. एकाच फुप्फुसावर जगणारा रुग्ण करू शकत नाही. अशा वेळी स्कंधफलकाच्या वरील तंत्रिका व काखेतील तंत्रिका स्वतंत्रपणे बधिर करणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. सारांश, फुप्फुसरोग्याला पाठीतील खालची भूल मानेतील छोट्या रोधापेक्षा बहुधा सुरक्षित असते, तर महारोहिणी झडपेच्या संकोचात हाच क्रम उलटा होतो.

रक्तक्लथनरोधी औषधे : हृद्‌रोगी बहुधा रक्त गोठू न देणारी औषधे घेत असतात. मेरुरज्जूभोवतीच्या बंदिस्त जागेत सुईने रक्तस्राव झाल्यास साचलेल्या रक्ताचा मेरुरज्जूवर दाब पडतो व तो वेळेत न काढल्यास पाय कायमचे लुळे पडतात. कमी रेणुभाराच्या हेपारिनासंबंधी असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये दिला. त्यानंतर सुई घालण्यापूर्वी व नळी काढण्यापूर्वी किती काळ जाऊ द्यावा याचे नियम तयार झाले. प्रतिबंधक मात्रेतील अशा हेपारिनानंतर साधारणपणे १२ तास, उपचारात्मक मात्रेनंतर २४ तास व क्लोपिडोग्रेल बंद केल्यावर ५ ते ७ दिवस थांबतात. केवळ अल्प मात्रेतील ॲस्पिरीन हा अडथळा मानला जात नाही. परंतु हृद्‌रोहिणीत नुकतीच जाळीची नळी (स्टेंट) बसविलेल्या रुग्णाचे औषध भुलीसाठी थांबविल्यास तीच रोहिणी बंद पडण्याची भीती असते. तेथे पाठीतील भूल सोडून देणे व दाबून रक्तस्राव थांबविता येईल अशा उथळ ठिकाणचा तंत्रिका-रोध किंवा पूर्ण भूल निवडणे श्रेयस्कर ठरते.

औषधांची विषाक्तता : स्थानीय संवेदनाहारक औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास किंवा अतिमात्रेत शोषले गेल्यास प्रथम जीभ बधिर होणे, कानात आवाज येणे, झटके येणे व नंतर हृद्‌गती बिघडणे अशी लक्षणे दिसतात. ब्युपिव्हाकेनामुळे बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करणे फार अवघड असते, याकडे ऑलब्राइट यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. आधीच दुर्बल असलेल्या हृदयाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष चिंतेची होय. वाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत मेदाचे पायस शिरेतून दिल्यास हा परिणाम उलटविता येतो असे दाखविले; २००६ पासून माणसांतही त्याच्या यशस्वी उपयोगाचे वृत्तांत प्रसिद्ध होऊ लागले. जेथे मोठे तंत्रिका-रोध दिले जातात तेथे २० टक्के मेदाचे पायस हाताशी ठेवणे आता आवश्यक मानतात. औषध थोडेथोडे व दर वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहून देणे, हा मात्र सर्वांत साधा प्रतिबंध आहे.

तुलनात्मक चाचण्या : दोन पद्धतींपैकी कोणतीने अधिक प्राण वाचतात, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. २००० मध्ये १४१ चाचण्यांतील ९,५५९ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात पाठीतील भुलीने मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले. मात्र यांपैकी अनेक चाचण्या जुन्या काळातील व लहान होत्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ९१५ अतिधोक्याच्या रुग्णांवरील चाचणीत दृढतानिकाबाह्य पद्धतीने मृत्यूंत फरक पडला नाही. परंतु श्वसननिष्फलतेचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २३ टक्क्यांपर्यंत उतरले. २०२१ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील खुब्याच्या अस्थिभंगाच्या १,६०० रुग्णांवरील चाचणीत ६० दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा चालू न शकणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पाठीतील भुलीत १८·५ टक्के व पूर्ण भुलीत १८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. महारोहिणी झडपेचा तीव्र संकोच असलेल्यांना या चाचणीतून मुळातच वगळलेले होते. म्हणजे सरासरी रुग्णाचा निष्कर्ष ज्याचा निर्णय सर्वांत कठीण त्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही.

या निष्कर्षांचा अर्थ दोन्ही पद्धती निरर्थकपणे सारख्या आहेत असा नाही. पूर्ण भुलीची औषधे, उपकरणे व निरीक्षण यांत झालेल्या प्रगतीमुळे दोहोंतील अंतर कमी झाले आहे, एवढेच त्यांतून दिसते. शिवाय मृत्यूची कारणे पुष्कळदा भुलीत नसून शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत, जंतुसंसर्ग, हृद्‌स्नायूचा अपपोषणजन्य नाश किंवा फुप्फुसशोथ यांत असतात.

पूर्वतयारी व दक्षता : शस्त्रक्रिया तातडीची नसल्यास धूम्रपान बंद करणे, श्वासनलिका रुंदावणारी औषधे व श्वसनाचे व्यायाम सुरू करणे, हृद्‌निष्फलता आटोक्यात आणणे यांसाठी वेळ द्यावा लागतो. अर्धी भूल ठरली तरी पूर्ण भुलीची व कृत्रिम श्वसनाची सर्व सिद्धता जवळ ठेवावी लागते. कारण रोध अपुरा पडल्यास मध्येच घाईने पूर्ण भूल देण्याची वेळ येते व ती सर्वांत धोक्याची असते. घाबरलेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी गुंगीचे औषध सढळ हाताने दिल्यास श्वास मंदावतो आणि अर्ध्या भुलीचा मुख्य लाभच नाहीसा होतो. उलट जागा असलेला रुग्ण छातीतील वेदना, धाप किंवा बोलण्यातील बदल स्वतः सांगू शकतो आणि ही सूचना कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची असते. म्हणूनच रुग्णास आधी सर्व समजावून सांगणे, त्याच्याशी बोलत राहणे व त्याची संमती घेणे हा या पद्धतीचा औपचारिक नव्हे, तर वैद्यकीय भाग आहे. पाठीतील भुलीस नकार देण्याचा रुग्णाचा हक्क निर्विवाद असून त्याच्या इच्छेविरुद्ध ती देता येत नाही.

एकंदरीत, प्रादेशिक संवेदनाहरणाने दुर्बल हृदय व फुप्फुसांच्या असंख्य रुग्णांना पूर्वी अशक्य वाटणाऱ्या शस्त्रक्रियांचा लाभ मिळवून दिला आहे. हे श्रेय सुईचे नसून, रुग्णाच्या विकाराची गती ओळखून त्यानुसार रोधाची जागा व मात्रा ठरविणाऱ्या निर्णयाचे आहे.